गोड पाण्याची जागा

युटलंडमधल्या त्या गावात एजनर केअरगोरला सगळे 'पाणीवाला' म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. तरुणपणी त्याने गावकऱ्यांची मोट बांधून गावाची स्वतःची पाणीयोजना उभी केली होती. शहराच्या नळाला जोडून घ्या, असं वरचे लोक सांगून थकले. हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. विंधनविहीर कुठे घ्यायची यावर बरीच खडाजंगी झाली, तेव्हा त्यानेच ओढ्याच्या उगमाशेजारच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. झऱ्याचं पाणी गोड, मग खालचंही गोडच असणार, एवढा साधा हिशेब. आणि ते निघालंही गोड. तेव्हापासून पाणीसमितीचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं ते कायमचं. विहिरीच्या वाढदिवसाला तो पंपघरापाशी झेंडा चढवी आणि झाडून सारं गाव केक खायला हजर होई.

ओढा मात्र आटत गेला. आधी नुसता उन्हाळ्यात, मग वर्षभर. एजनरची बायको रान्हिल त्या ओढ्याकाठीच वाढलेली. अंथरुणाला खिळली तेव्हा ती खिडकी उघडी ठेवायला लावी.

"येतोय का रे आवाज? मला हल्ली कमी ऐकू येतं," ती विचारी.

"येतोय की," एजनर म्हणे. बाहेर ठणठणीत कोरडं असे.

ती गेली, आणि त्याचा सगळा राग शेजारच्या विलाड्सवर निघाला. विलाड्सची बटाट्याची शेती मोठी, उन्हाळाभर त्याचे फवारे सुरू. ओढा त्यानेच प्यायला, याबद्दल एजनरला तिळमात्र शंका नव्हती. दफनाच्या वेळी विलाड्सने हात पुढे केला, तो त्याने हातात घेतला नाही. साऱ्या गावाने ते पाहिलं.

मग ओढ्याचा आणि भूजलाचा रीतसर अभ्यास व्हावा म्हणून त्याने नगरपालिकेच्या मागे टुमणं लावलं. अखेर काम मंजूर झालं आणि आराखडा करायला आली ती त्याचीच मुलगी, मारेन. भूगर्भाचं शिकलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने नकाशा पसरला. जमिनीत मोजणीच्या नळ्या कुठे रोवायच्या, ओढ्यात पातळी मोजायची पट्टी कुठे लावायची, सगळं तिने समजावून सांगितलं.

"आणि एकेक पंप बंद ठेवून बघायचं. पाणी कशाने परततंय ते."

"विलाड्सपासून सुरुवात कर," एजनर कॉफी ओतत म्हणाला.

"बाबा, त्याचे पंप हिवाळ्यात बंदच असतात. ओढा हिवाळ्यातही कोरडा आहे." तिने नकाशावरच्या पंपघरावर बोट ठेवलं. "बारा महिने चालणारा पंप इथे एकच आहे."

त्याने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "काहीतरीच बोलतेस."

"आराखडा पक्का करण्याआधी थोडी चाचणी घेऊ. तेवढे दिवस गावाला टँकरने शहराचं पाणी. पण बाबा, फरक दिसला तर पुढे विहीर कायमची बंद होऊ शकते. तू अध्यक्ष आहेस, तू नाही म्हणालास तर समितीही नाही म्हणेल."

"नाही कशाला म्हणू? कर बंद. तुझी शंका तरी फिटेल."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने कळ फिरवली. पंप थांबल्यावर पंपघर एकदम अनोळखी वाटलं.

पुढे नुसती कोरडी थंडी, पावसाचा थेंब नाही. तरी एका सकाळी मारेनचा फोन आला आणि तो तसाच निघाला. उगमाशी दगडांमधून पाणी येत होतं. बारीक, पण वाहतं. एजनरच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"एवढ्यावरून काही ठरत नाही, बाबा," मारेन हळूच म्हणाली. "नळ्या कुठे रोवायच्या ते आत्ता कुठे ठरतंय. खरा अभ्यास पुढेच आहे."

"कर तुझा अभ्यास. नीट कर." तो पाण्याकडेच बघत होता. "विलाड्सकडे मी जाईन. त्याच्याशी बोलता येईल, तो आहे अजून."

मारेनने त्याचा दंड धरला.

"नुसती एक कळ फिरवायची होती गं," तो म्हणाला. "पंपघराची किल्ली माझ्याच खिशात होती. तेवढी कळ फिरवली असती, तर तुझ्या आईला ऐकू आलं असतं."