दुसऱ्या जेवणाची बादली

पाहुण्याला पाटावर बसवून ठेवणं म्हणजेच पाहुणचार, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

मला मावशीच्या सरायीने उलटं शिकवलं. दुर्गजवळ, मरोद्याहून उतईकडे जाताना डाव्या हाताला ती कवेलूंच्या छपराची लांब इमारत होती. मावशीच्या आजेसासऱ्यांनी ती बैलगाडीवाल्यांसाठी बांधली. ते भंडाऱ्याकडून आलेले, एकटे. एकदा तापाने आडवे झाले, तर मुक्कामाला असलेल्या गाडीवाल्यांनीच चूल पेटवली, एकमेकांना वाढलं आणि त्यांनाही पेज पाजली. उठल्यावर त्यांनी नियम केला: पहिलं जेवण पाहुण्याचं, दुसरं घरच्याचं. म्हणजे पहिल्यांदा बसून जेवा, दुसऱ्यांदा आधी पंगतीला वाढा, मग जेवा. जात विचारायची नाही, हुद्दा विचारायचा नाही.

पुढे जवळच पोलादाचा प्लांट आला. क्वार्टर मिळेपर्यंत देशभरची माणसं तिथे राहिली. मोठमोठे इंजिनियरही ओगराळं घेऊन रांगेतून फिरले, असं मावशी अभिमानाने सांगायची. आमच्या घरी गादीखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यावर सगळीकडे चळवळीची पत्रकं असत. समतेबद्दल मी त्यांत पुष्कळ वाचलं होतं. पण समता वाढताना पाठ दुखते, हे मला सरायीत कळलं.

मावशीच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, बघायला पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. मुलगा दुर्गला रेल्वेत क्लार्क. वडील गार्ड, नागपूरकडचे, धुवट पांढऱ्या कपड्यांतले, बोलणं मोजकं. शनिवारी संध्याकाळी आले, पोहे झाले, जेवण झालं. बोलणी रविवारी दुपारी जेवून करायची ठरली. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशीने या स्थळावर फार आशा ठेवली होती.

सकाळी ती ताईला म्हणाली, "आज नियम राहू दे वं. सोयऱ्यायच्या हाती बादली देते का कोनी?"

"पोहे मी आतापर्यंत कितीकायले देल्ले, आई. एकदा त्यायच्या हातचं वरण पाहू दे."

"तुले लगन कराचं आहे का सराय चालवाची आहे?"

"मुलगा मले पसंत आहे," ताई म्हणाली. "घर पाहाचं राहिलं. त्याच्या घरी जाऊन पाहीन तवा उशीर झालेला असन."

मी लगेच स्त्रीमुक्तीवर बोलायला सुरुवात केली. ताईने माझ्या हातात पाण्याची कळशी दिली. "तुझं पत्रक मागून वाट. आधी पाणी वाढ."

दुपारी पंगत बसली. दोन ट्रक ड्रायव्हर, उतईचा एक म्हातारा गाडीवान, प्लांटातले ठेक्याचे मजूर. पत्रावळी मांडल्या. मुलाचे वडील आपल्या जागेकडे निघाले, तेवढ्यात ताई वरणाची बादली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मामाजी, हे दुसरं जेवण. आमच्याकडे दुसऱ्याले पाहुणे वाढतात."

मावशीने पदर तोंडाशी धरला. वडिलांचा चेहरा असा कडक झाला की आता पुढची गाडी पकडून जातातच, असं मला वाटलं. मुलगा घाईने उठला, "बाबा, द्या, मी वाढतो."

ताईने बादली मागे घेतली नाही. वडिलांनी मुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"बस तू," ते म्हणाले. "मले देल्ली नं तिनं."

बाह्या सरसावून त्यांनी बादली घेतली आणि पहिल्याच पत्रावळीवर, उतईच्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात, भात यायच्या आधी भरपूर वरण ओतलं. ते पत्रावळीवरून थेट जमिनीवर निघालं. म्हातारा दोन्ही हातांनी बांध घालत ओरडला, "साहेब, भात तो आन दे पहिली!"

ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "गार्ड साहब, बिना सिग्नल के गाड़ी छोड़ दी!"

सगळी पंगत हसली. सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात मोठ्याने, ते स्वतः हसले. मग मुलाला भाताची परात उचलायला लावून त्याच्या मागोमाग ते रांगभर फिरले. प्रत्येकापुढे वाकले, "आणखी घ्या नं जी" म्हणाले. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे शिंतोडे उडाले. पत्रावळी उचलून झाल्या तशी मावशी घाबरत बोलण्यांचा विषय काढू लागली.

"बोलणी कायची कराची आता, बाई?" ते म्हणाले. "दुसरं जेवण वाढलं. मी तं घरचाच झालो."

मावशी रडली आणि हसलीही. ताईने होकाराची मान हलवली. ती मावशीसाठी नव्हती, स्वतःसाठीच होती. तिचं घर पाहून झालं होतं.

लग्नं कुंडलीवर ठरतात, हुंड्यावर ठरतात, आणि मुलगी ट्रे धरून उभी असते. ही लाज आहे, आणि ती परंपरेच्या नावाखाली झाकता येत नाही. म्हणून मागणं एवढंच: तुमच्याकडे मुलगी बघायला येतील, तेव्हा त्यांना एक मुक्काम ठेवून घ्या. गल्लीतले चार जण जेवायला बोलवा, घर झाडणारी बाईसुद्धा. आणि दुसऱ्या पंगतीला बादली मुलाच्या बापाच्या हाती द्या. मुलाचे बाप तुम्हीच असाल, तर कुणी द्यायची वाट पाहू नका, हात पुढे करा. फक्त आधी भात वाढला का, तेवढं बघा.