शनिवार पाळणारी मुलं आणि पंचाहत्तर टक्के

आमसुलाचा वास आला की मला अजून सरकारी दवाखान्यातला तो वॉर्ड दिसतो. मी आता पोलिसात नाही. थोडीच वर्षं फौजदारकी केली आणि राजीनामा दिला, त्यामुळे 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की लोक माझ्या काळ्या केसांकडे बघतात. बघू देत. ही केस मला सांगायचीच आहे.

रत्नागिरीजवळच्या एका वसतिगृहात निरोपाचं जेवण होतं. ऐंशी मुलंमुली, शनिवारची दुपार. जेवण उरकतंय तोवर उलट्या सुरू झाल्या. बत्तीस मुलं दवाखान्यात, त्यातली एक मुलगी अतिदक्षता विभागात. तिचे वडील मुंबईहून निघाले होते आणि दर थोड्या वेळानं ठाण्यात फोन करत होते.

मी स्टेशन डायरीत नोंद घेत होते तेवढ्यात आणखी एक फोन आला. नाव न सांगता एकानं कळवलं की मासे देणाऱ्या बाईचं आदल्या दिवशी वसतिगृहाच्या आचाऱ्याशी भांडण झालंय आणि तिनं पोरांना उलट्या होतील अशी धमकी दिलीय.

बाई भाट्ये गावाच्या बाजूची. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून बाजारातल्या आपल्या जागेवर बसून तिनं घर चालवलं होतं. आम्ही पोचलो तोवर लोकांनी तिची पाटी लाथाडली होती, बांगडे गटारात पडले होते. तिला ठाण्यात आणलं. साहेबांनी विचारलं, मी जबाब लिहीत होते. ती रडली नाही.

"धमकी नाय दिली सायब. तो कल्ले उचकटून वास येतो वास येतो करत हुता. मी म्हटला, येवढा वास येतो तर नेऊ नको, उद्या पोरं ओकली तर माझ्या नावानं बोंबलशील."

"मग ओकलीच की."

"माझा मासा ताजा हुता. माझ्या पोरीनं पण त्यातलाच खाल्लान."

साहेबांचा हिशोब तयार होता. आजारी बत्तीस, त्यातल्या चोवीस मुलांनी मासे खाल्लेले, म्हणजे पंचाहत्तर टक्के. "आणखी काय पुरावा पाहिजे?" ते म्हणाले. संध्याकाळच्या आत गुन्हा दाखल करायचा होता, बाहेर पालक जमले होते. एकदा तिचं नाव गुन्ह्यात आलं की बाजारातली जागा गेलीच. मी म्हटलं, आधी मुलांचे जबाब घेते. साहेब म्हणाले, जा, पण लवकर ये.

वॉर्डात पहिल्याच खाटेवरच्या मुलीला विचारलं, मासे कसे लागले गं? सलाईनचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "मी नाही खाल्ले मॅडम, माझा शनिवार असतो."

मी तिथंच थांबले. साहेबांनी हिशोबात सोडून दिलेल्या आठांतली ही एक. मारुतीचा वार पाळणारी, म्हणून मासे न खाल्लेली, तरी खाटेवर! सगळ्या वॉर्डाला विचारलं, शनिवार कोण कोण पाळतं? दमलेले हात वर झाले. आठ. मग वसतिगृहात जाऊन बऱ्या असलेल्या मुलांनाही हेच विचारलं. तिथं बारा. बाकी सगळ्यांनी मासे खाल्ले होते. म्हणजे ऐंशीत पाळणारी वीस, मासे खाणारी साठ. गुणोत्तर एकास तीन.

आता बघा हं. साठातली चोवीस आजारी, म्हणजे चाळीस टक्के. विसातली आठ आजारी, तेही चाळीसच टक्के! मासे खा नाहीतर खाऊ नका, आजारी पडण्याचं प्रमाण तेच. आजाऱ्यांत मासे खाणारे जास्त दिसत होते कारण मुळात जेवायलाच ते जास्त बसले होते. मासे सुटले. पण मग काय बाधलं?

सोबतचे हवालदारकाका राजापूरकडचे, सावकाश बोलणारे. म्हणाले, "पंगती किती उठल्या ते बघा की." दोन उठल्या होत्या, चाळीस-चाळीसच्या. पहिलीतलं एकही मूल आजारी नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस दुसरीतली! आणि दुसरीतल्या ज्या आठांना काही झालं नव्हतं त्यांना एकेक करून विचारलं, तर त्यांनी सोलकढी घेतलीच नव्हती.

आचारी तरुण होता, मुंबईच्या कँटीनमधून नुकताच गावी आलेला. मी त्याला माशांचं काहीच विचारलं नाही. विचारलं, दुसऱ्या पंगतीची सोलकढी कशात होती?

"पितळी पातेल्यात. देवळातनं आणलेलं, गावकीचं. स्टीलची सगळी पहिल्या पंगतीच्या कढीनं नि जेवणानं भरली होती ना."

"आमसुलं कधी भिजत घातली?"

"आदल्या रात्री. त्यातच."

काकांनी पातेलं उताणं केलं आणि आतून बोट फिरवलं. कल्हईचा, म्हणजे आतल्या कथलाच्या लेपाचा, मागमूस नव्हता. कल्हईवाला गावात येईनासा झाला होता, आणि कँटीनमध्ये स्टीलवरच काम केलेल्या त्या पोराला कल्हई कशासाठी असते हेच माहीत नव्हतं. आंबट रात्रभर पितळेत राहिलं आणि पितळेतलं तांबं त्यात उतरलं. काका हळूच म्हणाले, "अरे, घरात आईला तरी विचारायचंस." डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी उपचार बदलले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही सोलकढीत तांबं निघालं. गुन्हा दाखल झाला तो निष्काळजीपणाचा.

ती मुलगी वाचली. वडिलांनी ठाण्यात येऊन हात जोडले. मासेवालीला आम्ही त्याच संध्याकाळी सोडलं. पण नंतर मी बाजारात गेले तर तिच्या शेजारणींकडे गर्दी आणि तिच्यासमोर कुणी नाही. मी बांगडे मागितले. ती निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही सोडलात मॅडम. गिऱ्हाईक कुठं सोडतंय?"

आता मी पोलीस भरतीच्या मुलांना गणित शिकवते. गुणोत्तर आणि शेकडेवारी आली की हेच गणित फळ्यावर घालते. आजाऱ्यांपैकी मासे खाणारे किती टक्के? वर्ग झटकन ओरडतो, पंचाहत्तर. मी विचारते, मग दोषी कोण? मासेवाली, तेही तितक्याच झटकन.

पंचाहत्तर बरोबरच आहे. मी ते पुसत नाही. शेजारी दुसरा प्रश्न लिहिते, मासे खाणाऱ्यांपैकी आजारी किती टक्के आणि न खाणाऱ्यांपैकी किती, आणि खडू खाली ठेवते. हळूहळू वह्यांत दोन्हीकडे चाळीस उतरतं. उद्या यांच्यातलं कुणीतरी वर्दी घालून कुणाचा तरी जबाब लिहायला बसेल. तेव्हा बाहेर कितीही गर्दी असली तरी त्यानं हा दुसरा प्रश्न आधी विचारावा. आमच्याकडून तो विचारला जाईपर्यंत तिचे बांगडे गटारात पडले होते.