टाइमकीपरच्या अंबुअक्का

अंबुअक्का रेडिओ ऐकायला कधी बसत नसत. रेडिओ त्यांचा, खोली त्यांची, चटया त्यांनीच घातलेल्या, पण आम्ही सगळे टेकलो की त्या स्वयंपाकघराच्या दाराशी जायच्या, चौकटीला खांदा लावायच्या आणि पदरानं मान पुसत म्हणायच्या, "दमलो गं बाई." बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. मी पुण्याची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीत कोण पुरुष बोलला म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आमच्या ह्यांना बेंगळुरात सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही राजाजीनगरात बिऱ्हाड केलं. तेव्हा तिकडे निम्मी घरं बांधून झालेली, निम्म्या प्लॉटांवर नुसते दगड. दुपारी वारा सुटला की लाल माती घरात यायची. मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या दुकानात हळद मागायला गेले आणि हातवारे करून रडकुंडीला आले, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "स्वल्प थांब. काय पाहिजे ते मला सांग, मी त्याला सांगतो." शेजारच्याच घरातल्या अंबुअक्का. त्या दिवसापासून दोन वर्षं माझं कन्नड म्हणजे अंबुअक्काच होत्या.

पंचावन्नच्या पुढच्या, विधवा, अंगानं हडकुळ्या. एकुलती मुलगी हुबळीला दिलेली. सकाळी भेटल्या तरी दमलेल्या, दुपारी झोपून उठल्या तरी दमलेल्या. तरी दर गुरुवारी यशवंतपूरच्या बाजारात चालत जाऊन चार घरांचे कांदे-बटाटे आणायच्या. "अक्का, मी येते ना बरोबर," म्हटलं की म्हणायच्या, "तू आलीस की बोलावं लागतं. बोललं की जास्ती दमायला होतं." त्यांचा शीण कामाचा नाही, हे मला तेव्हाही जाणवायचं, पण मग कशाचा, हे विचारावं असं कधी वाटलं नाही.

रेडिओ जावयानं दिलेला. त्या वर्षी दर रविवारी दुपारी चार वाजता कन्नडमधून एक मालिका लागायची. खाणीच्या गावातली. संप होतो, निम्मे लोक खाणीत उतरतात, निम्मे वर राहतात, आणि एका सकाळी यंत्रघराच्या मागे एक मेलेला माणूस सापडतो. बाहेरगावाहून आलेला इन्स्पेक्टर दारोदार विचारत फिरतो आणि कोणी त्याला काही सांगत नाही. आठ-दहा जण अक्कांच्या खोलीत जमायचे. मी, हे, वरच्या गल्लीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर कुलकर्णी आणि त्यांची बायको, ह्यांच्याच कारखान्यातले परांजपे, आणखी दोघं-तिघं. निम्म्यांना कन्नड यायचं, निम्म्यांना नाही. म्हणून अक्का दारातून, आवाज न चढवता, एकेक वाक्य मराठीत सांगत जायच्या. रेडिओत बाई हंबरडा फोडायची आणि अक्का सांगायच्या, "म्हणते, माझा नवरा कुठाय." तसंच, भाजीचा भाव सांगावा तसं. मला तेच जास्त लागायचं.

अर्धा तास नाटक आणि मग तासभर भांडण. कुलकर्णी मास्तर संपवाल्यांच्या विरुद्ध. "काम सोडून दगड मारणाऱ्यांनीच मारला असणार, लिहून ठेवा!" परांजपे तावातावानं उलट बोलायचे, "मास्तर, तुम्ही जन्मात कधी जमिनीखाली उतरलाय का?" आधी ती गंमत होती. चौथ्या-पाचव्या रविवारी परांजपे येताना स्वतःची चटई घेऊन आले आणि पलीकडच्या भिंतीशी बसले. त्यांच्या बाजूचे दोघं त्यांच्याकडे सरकले. मास्तरांच्या बायकोनं चिवड्याचं ताट फिरवलं ते पलीकडे गेलंच नाही. गेलं असतं तर घेतलं असतं की नाही, कोण जाणे. अक्का दारातून बघत होत्या.

"इथंही सुरू झालं काय," त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या रविवारी खून झालेल्याचा नव्हे, पकडून नेलेल्या एका मजुराचा भाग होता. त्याचं नाव पोलिसांना कोणी सांगितलं, यावर सगळं गाव गप्प. शेवटी एक म्हातारी इन्स्पेक्टरला सांगते. रेडिओत म्हातारीचा आवाज कापत होता. अक्का मला सांगत होत्या, "म्हणते, नाव सांगितलं ते... वॉचमननं."

"अहो अक्का, वॉचमन कुठला!" मास्तर हसत म्हणाले. "टाइमकीपर म्हणाली ती. मी स्पष्ट ऐकलं. हजेरीचं पुस्तक त्याच्याकडे, माणसं ओळखणार तो. मी म्हणतच होतो, असा एक घरभेदी असतोच. असल्या माणसाच्या घरात पाणीसुद्धा पिऊ नये."

मास्तरांच्या हातात अक्कांच्याच घरचा कॉफीचा पेला होता. अक्का पुढे आल्या, रेडिओचा खटका बंद केला आणि म्हणाल्या, "आज पुरे. मला बरं वाटत नाही." लोक चपला घालून गेले. मी मागे थांबले. त्या पेले गोळा करत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आमचे टाइमकीपर होते. खाणीत."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन त्या बेळगावाहून थेट सोन्याच्या खाणीच्या गावी गेल्या होत्या. तमिळ, तेलुगू, कन्नड, सगळ्या भाषांची गल्ली. मराठी घर यांचं एकटंच. शेजारी तायम्मा राहायची, तिचा नवरा पेरुमाळ खाली खडक फोडणारा. अक्कांना कन्नड आणि थोडं तमिळ शिकवलं ते तायम्मानं. वीस वर्षं दोघींच्या मागच्या दारांना कडी नव्हती. मग संप झाला. कचेरीतली माणसं कामावर गेली, मजूर बाहेर राहिले. गल्लीला एकच नळ. त्या नळावर सकाळी एकांनी यायचं, दुपारी दुसऱ्यांनी. तायम्मा आणि अक्का एकमेकींना बघून पाठ फिरवायला शिकल्या. एका दिवशी फाटकाजवळची चौकी जळाली. दुसऱ्या सकाळी पोलिसांनी पेरुमाळला घरातून ओढत नेलं. तो सहा महिन्यांनी सुटला तेव्हा एक पाय ओढत चालत होता आणि कामावरून नाव निघालं होतं.

"गल्लीत सगळे म्हणायचे, नाव आमच्यांनीच दिलं," अक्का म्हणाल्या. "दारावर शेण मारलं लोकांनी. वर्षाच्या आत आम्ही गाव सोडलं. इथं येऊन यशवंतपुरात गोदामात कारकुनी केली त्यांनी. अकरा वर्षं. मग गेले."

"आणि अक्का, त्यांनी खरंच..."

"मला काय ठाऊक?" त्या एकदम म्हणाल्या. "मी विचारलं नाही. हो म्हणाले तर काय करायचं, म्हणून विचारलं नाही. अकरा वर्षं जेवायला वाढलं, औषध दिलं, पाय चेपले. पण समोर बसून कधी बोललो नाही. तेही नाहीत. घरात दोन माणसं, आणि बोलायचं ते फक्त मीठ कमी झालं काय."

पुढचे चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. गुरुवारी बाजारालाही नाही. शुक्रवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. "मला खाणीला जायचं आहे. तू येतीस काय? एकटीनं गाडी बदलायची मला भीती वाटते."

त्यांना कशाची तरी भीती वाटते असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. ह्यांना चिठ्ठी लिहून ठेवली आणि निघाले.

बंगारपेटला गाडी बदलली. पुढच्या छोट्या गाडीत अक्का खिडकीशी बसल्या. खाणीतून उपसलेल्या मातीचे पांढुरके डोंगर दिसायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

तायम्मा त्याच गल्लीच्या टोकाला, बांबूच्या तट्ट्यांच्या झोपडीत राहत होती. दारात शेंगा निवडत बसलेली, जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई. तिनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग शेंगांची परडी बाजूला सरकवून जागा केली. रडारड झाली नाही. अक्का खाली बसल्या. आत खाटेवर पेरुमाळ होता. खाणीच्या धुळीनं छाती गेलेली. दर चार शब्दांमागे खोकायचा. एव्हाना मला कन्नड बऱ्यापैकी कळायला लागलं होतं, आणि त्या दिवशी तिथे कोणी भरभर बोलतही नव्हतं.

"मी एक विचारायला आलो," अक्का म्हणाल्या. "तुमचं नाव आमच्यांनी दिलं होतं काय?"

तायम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. पेरुमाळ खोकला, थुंकला, आणि म्हणाला, "हो. त्यांनीच सांगितलं. आम्हाला येऊन सांगून गेले होते की."

"कोण येऊन?"

"ते. तुम्ही गाव सोडल्यावर, पुढच्या वर्षी. एकटेच आले होते. इथंच बसले, तुम्ही बसलाय तिथं." तो थांबून श्वास घेत होता. "म्हणाले, पोलिसांनी विचारलं फाटकाशी कोण होतं, मी तुला पाहिलं होतं, मी सांगितलं. खोटं नाही बोलले. मी होतोच तिथं. चौकीत म्हातारा राखणदार झोपला होता, त्याला ओढून बाहेर काढायला धावलो होतो. ते त्यांना लांबून दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की पेरुमाळ आगीशी आहे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मी मारावं म्हणून आले होते बहुतेक. मला खोकल्यातून उसंत कुठं होती?" त्याच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "तायम्मानं पेज दिली. प्यायले. संध्याकाळच्या गाडीनं गेले. त्यानंतरही दोन-तीनदा आले."

अक्का बराच वेळ हातातली एक शेंग सोलत राहिल्या. मग तायम्माला म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं. मला नाही सांगितलं."

तायम्मा चढ्या आवाजात नाही बोलली. "अक्का, तुम्ही विचारलंत?"

अक्कांनी सोललेली शेंग परडीत टाकली. दुपारी तायम्मानं रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि पातळ सारू वाढला. दोघी शेजारी बसून जेवल्या. निघताना तायम्मा स्टेशनापर्यंत आली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावर हात ठेवून उभी राहिली.

परतीच्या गाडीत अक्का म्हणाल्या, "माणसानं माणूस मारला तर पोलीस येतात, विचारतात, शेवटी काय ते कळतं. मी कुणाला मारलं नाही. नुसतं विचारलं नाही. सांगायचं असेल गं त्यांना. कितीदा तरी भाकरी मोडून तसेच थांबायचे. मी आत निघून जायचो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "गोदामाच्या कामाला जातो म्हणून सांगायचे, आणि तिकडं जायचे." मग बेंगळूर येईपर्यंत डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

त्या रविवारी लोक येतील की नाही असं वाटत होतं. सगळे आले. परांजपे आपल्या भिंतीशी, मास्तर आपल्या. अक्कांनी रेडिओ लावला नाही. मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुम्ही मागच्या खेपेला बरोबर ऐकलंत. मीच चुकीचं सांगितलं. आमचे टाइमकीपर होते, आणि नाव त्यांनीच दिलं होतं. ज्याचं दिलं त्याचा पाय गेला. तो माणूस राखणदाराला आगीतून काढायला धावला होता." त्यांचा आवाज भाषांतर करताना असायचा तसाच होता. "या घरात तुम्ही इतके दिवस कॉफी प्यायलात. पुढं प्यायची नसली तर माझं काही म्हणणं नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग संपवाल्यांच्या बाजूचे परांजपे उठले, आपली चटई मधे ओढली आणि म्हणाले, "अक्का, रेडिओ लावा. मला कन्नड कळत नाही." मास्तर मात्र त्या दिवशी शेवटपर्यंत मान वर करू शकले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते अक्कांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. अक्का म्हणाल्या, "या की आत. दूध नासलंय, बिनदुधाची चालेल काय?" मी ते भिंतीपलीकडून ऐकलं. ते आत गेले.

मालिका पुढे तीन-चार रविवार चालली. खून कोणी केला ते शेवटी कळलं असणार. मला आज अजिबात आठवत नाही.

दोनेक वर्षांनी ह्यांची बदली झाली आणि आम्ही बेंगळूर सोडलं. पत्रं सुरू राहिली. अक्का कन्नड वळणाच्या मराठीत चार ओळी लिहायच्या. मग एक पत्र कुलकर्णी मास्तरांच्या अक्षरात आलं. अक्का गेल्या होत्या, दुपारी, काही आजारपण नसताना. मुलगी हुबळीहून पोहोचेपर्यंत एक पांढऱ्या केसांची बाई खाणीच्या गाडीनं आली होती. मास्तरांनीच तार केली होती तिला. घरात सोवळ्यातले नातेवाईक होते; त्यांनी तिला उंबऱ्याबाहेरच विचारलं, कोण तुम्ही? ती म्हणाली, शेजारीण.

त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नव्हती. शेजाऱ्यांनी रांधून आणायचं. मास्तरांनी लिहिलं होतं, की तायम्मानं मास्तरांच्याच घरी येऊन पातेलंभर भात केला आणि स्वतः डोक्यावरून अक्कांच्या घरी नेला. नातेवाईक एकमेकांकडे बघत राहिले. अक्कांच्या मुलीनं पुढे होऊन पान मांडलं, आणि तायम्माला म्हणाली, वाढा.