मासे पाच

विमानतळामागच्या रस्त्यावर, गोदामांच्या रांगेत, एक लांबलचक बिनखिडक्यांची इमारत होती. आत रोज नऊ हजार जेवणं तयार व्हायची आणि बाहेर वाससुद्धा यायचा नाही. तिच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, एक माणूस एकतीस वर्षं एकच काम करत बसला होता. विमानात पुढे, बिझनेस क्लासला बसणारे लोक काय खातील, हे आधीच ओळखायचं. सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. चेष्टेत पडलेलं हे नाव इतकं चिकटलं, की नव्या मॅनेजरने आल्या दिवशी विचारलं होतं, "हे आडनाव आहे का यांचं?"

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं, बरं का. मागच्या लोकांना जे पुढ्यात येईल ते. पण पुढच्यांना छापील कार्ड, चिनी मातीची ताटली, कापडी नॅपकिन आणि तीन पदार्थांतून हवा तो. आता चोवीस माणसांसाठी प्रत्येकी तीन-तीन जेवणं घेऊन कुठे उडणार? तेवढे ओव्हन नसतात, आणि उरलेलं सगळं उतरल्यावर थेट कचऱ्यात. म्हणून चोवीस माणसांना सव्वीस जेवणं जायची. त्यातली चिकनची किती, माशाची किती, भाजीची किती, ते ज्योतिषी ठरवायचा. चुकलं की वर कुणालातरी ऐकावं लागायचं, "सॉरी, ते संपलं." मग त्या माणसाची तक्रार यायची आणि ती या काचेच्या खोलीत येऊन पडायची.

ज्योतिष्याकडे तक्रारी यायच्या नाहीत. महिनोन्महिने एकही नाही. त्याचे ठोकताळे होते. सकाळच्या विमानात एकटे जाणारे अंडं खातात. कामं उरकून परतणारे चिकन मागतात आणि अर्धं टाकतात. शिवाय परत आलेल्या ताटल्या धुवायला जाण्याआधी तो रोज खाली जाऊन बघायचा. कुणी काय संपवलं, काय चिवडलं, काय झाकून तसंच ठेवलं. "माणूस खोटं बोलेल, ताटली नाही बोलत," असं तो हाताखाली आलेल्या मुलीला शिकवायचा. पण त्याचा सगळ्यात लाडका ठोकताळा जोडप्यांचा होता. जोडपं असलं की बाईचं वेगळं धरायचं नाही. नवरा काय घेईल ते ओळखायचं आणि दोनने गुणायचं. बाई म्हणते, यांचं तेच माझं. एकतीस वर्षांत या एका ठोकताळ्याने त्याला कधी दगा दिला नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

हे त्याला सुचलं कुठून, तर घरातून. त्याच्या बायकोला कधीही विचारा, काय करायचं, काय आणायचं, कुठे जायचं. उत्तर एकच. "काहीही चालेल." लग्नानंतर सुरुवातीला त्याने दोन-चारदा विचारलं, मग सोडून दिलं. शहाणा माणूस कशाला विचारत बसेल? हॉटेलात गेले की तो दोघांचं एकदमच सांगून टाकायचा आणि ती पदराआड हात घेऊन बसायची. भांडण नाही, तंटा नाही. मित्रांत तो म्हणायचा, "आमच्याकडे निवडीची भानगडच नाही." यात कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा आळसही होता.

जुनी झालेली मेनूकार्डं तो घरी आणायचा. जाड, गुळगुळीत कागद, फेकवत नसे. ती त्यांच्या मागच्या बाजूवर वाणसामानाची यादी करायची, पण आधी पुढची बाजू वाचायची. सगळी, सावकाश. मग कधी भाजी निवडता निवडता विचारायची, "अहो, हा लिंबाच्या सॉसमधला मासा कसा लागतो हो?"

"कठीण असतो," तो सांगायचा. "पाऊणच शिजवून, थंड करून द्यायचा, वर तापवताना दोन मिनिटं जास्त झाली की संपलं, कोरडा ठक्क. वर जिभेला चव कमी कळते, म्हणून मीठ-लिंबू जरा चढं ठेवतात."

"असं होय," ती म्हणायची आणि कार्ड उलटून लिहायला घ्यायची. एकदा त्याने तिला शब्द दिला होता, "निवृत्त होताना कंपनी दोन तिकिटं देते. तुला पुढे बसवून जेवायला घालीन. कापडी नॅपकिन, सगळं." ती हसली होती. पुढे वीस वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नाही, पण तो स्वतः विसरला नव्हता. आयुष्यात बायकोला मोठंसं काही दिलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. हे एक जेवण तरी तिला हवं तसं मिळावं, एवढं त्याने मनाशी धरलं होतं.

तिकिटं निघाली ती निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे आपल्याच विमानाचा आकडा शेवटच्या दिवशी त्यानेच लिहायचा होता. यादी आली. चोवीस माणसं, त्यांत नऊ जोडपी, नववं त्यांचं. त्याने झरझर लिहिलं. चिकन तेरा, भाजी आठ, मासे पाच.

खालून आचारी वर आला. पंचवीस वर्षांचा दोस्त, पोट पुढे आणि टोपी मागे. "वहिनींसाठी काय देऊ? माझ्या हाताने वेगळं काढतो, नाव लिहून."

"तिचं वेगळं काय असणार? मशरूम सॉसचं चिकन मी चाखलंय, झकास झालंय. आम्ही दोघं तेच घेऊ."

"अरे, फोन करून विचार तरी."

"एकतीस वर्षं मी कुणाला फोन करून विचारलं?" ज्योतिषी म्हणाला. आचारी हसला, त्याच्या पाठीवर थाप मारून खाली गेला. कागदही त्याच्याबरोबर खाली गेला.

दुसऱ्या दिवशी विमानात त्यांना बिझनेस क्लासमधली सगळ्यात मागची रांग मिळाली. कंपनीच्या तिकिटांना तीच मिळते. बायकोने नवी साडी नेसली होती. सीट मागे कशी जाते ते त्याने दाखवलं, तिने एकदा करून पाहिलं आणि पुन्हा सरळ केली. मग कार्ड आलं. तिने पर्समधून चष्मा काढला, कार्ड मांडीवर ठेवलं, आणि घरी वाचायची तसं सावकाश वाचलं. पुढून विचारत विचारत हवाई सुंदरी त्यांच्यापाशी आली. ज्योतिष्याने तोंड उघडलंच होतं, "दोन चि—", पण त्या मुलीने आधी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही काय घेणार?"

बायकोने कार्डावर बोट ठेवलं. मग स्पष्ट म्हणाली, "मला मासा."

ज्योतिषी तिच्याकडे बघतच राहिला. "तू मासे खातेस?"

"माहेरी रोज खायचे. तुमच्या घरात वास चालत नव्हता ना, मग सोडले." तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. कुणी गावाचं नाव सांगावं, तसं सांगितलं.

मुलीचा चेहरा पडला. "सॉरी मॅडम, मासे संपले. पाचच आले होते."

"असू दे," बायको म्हणाली आणि कार्ड मिटलं. "काहीही चालेल."

हा शब्द त्याने आयुष्यात हजारदा ऐकला असेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आला. तो उठला, पडद्यामागे गेला. "नक्की संपले? मी किचनचाच माणूस आहे. पाच पुरायला हवे होते."

"सर, या मार्गावर मासे रोज कमी पडतात," मुलगी ओव्हन लावता लावता म्हणाली. "जोडप्यांतल्या बायका मागतात. मिळाले नाहीत की म्हणतात, चालेल. पुरुष असते तर तक्रार लिहिली असती. त्यांनी नाही लिहिली, म्हणून तुमच्याकडे कळत नसेल."

तक्रारी का येत नव्हत्या, ते त्याला तिथे, त्या चिंचोळ्या जागेत उभ्या उभ्या कळलं. एकतीस वर्षं तो ज्याला अचूक अंदाज समजत होता, ते त्या बायकांचं मुकाट्याने घेणं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागेवर येऊन त्याने चिकन खाल्लं. सॉस खरोखरच झकास झाला होता. बायकोनेही पूर्ण ताटली संपवली आणि म्हणाली, "छान आहे हो." तिने नॅपकिनची घडी घालून ठेवली.

चार दिवसांनी परतताना त्याने विमानात पाऊल टाकता टाकताच विचारून घेतलं. मासे होते, चांगले नऊ. तिथल्या किचनमध्ये कुणी ज्योतिषी नसावा. मुलगी विचारायला आली तेव्हा तो हात बांधून गप्प बसला.

"यांचं जे असेल तेच," बायको म्हणाली.

"अगं, आहेत मासे. घे ना."

"नको हो. उगीच तुम्हाला शेजारी वास." ती ऐकेना. शेवटी त्याने सांगितलं, "मग मलाही मासाच. दोन द्या." ज्या माणसाने जन्मात मासा तोंडात घातला नव्हता, त्याने.

ताटल्या आल्या. त्याने श्वास धरून एक घास गिळला. बायकोने एक घास घेतला, आणि मग ती त्याच्या तोंडाकडेच पाहत राहिली. "तुम्हाला सोसतंय का? पाणी घ्या. स्वतःवर जबरदस्ती कशाला केलीत?" तिने आपला ब्रेड त्याच्या ताटलीत ठेवला, लोण्याची वडी सोलून दिली. तिचा मासा निवत गेला. शेवटी तिने त्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "पुरे मला. तुम्ही तर काहीच खाल्लं नाहीत."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काचेच्या खोलीत फोन लावला. आता तिथे हाताखालची ती मुलगी बसत होती. "मासे वाढव," तो म्हणाला. "जोडप्यातली बाई वेगळी धर."

"पण सर, कालच्या विमानातून दोन मासे जवळजवळ तसेच परत आलेत. शेवटच्या रांगेतलं जोडपं. मी एक कमी केलाय. तुम्हीच शिकवलंय ना, ताटली खोटं बोलत नाही."

त्याने तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्याची बायको, तिचं माहेर, वास. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, हो सर म्हणाली, आणि त्याला ऐकू आलं की पलीकडे दुसरा फोन वाजतोय. त्याने ठेवून दिला.

बायको आत ओट्यापाशी होती. "आज काय करू हो जेवायला?"

तो दारात जाऊन उभा राहिला. "तू सांग. तुला काय खावंसं वाटतंय? मी बाजारात जाऊन आणतो. मासे आणू? घरात करू, वास येऊ दे."

तिने हातातली सुरी खाली ठेवली. विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठी घालून, खिडकीबाहेर बघत. तो थांबून राहिला. बऱ्याच वेळाने ती त्याच्याकडे वळली, जरा ओशाळून हसली.

"मला सुचतच नाहीये," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा ना काहीतरी."