तिच्या वाट्याचा भात

आमच्याकडे तो आणि ती अशी दोन कुत्री होती. दोघंही दिल्लीतल्या द्वारकेच्या रस्त्यावरची, पण घरात फक्त मराठी ऐकून मोठी झालेली. तो थोराड, संथ. ती म्हणजे नुसती उनाड. ती पिल्लू म्हणून घरात आली तेव्हापासून त्याने एक रीत धरली होती. आपल्या भांड्यातला निम्मा दहीभात खायचा आणि बाजूला व्हायचं. मग ही बया स्वतःचं भांडं चाटूनपुसून त्याच्या भांड्यावर जायची. आमचे हे म्हणायचे, ‘‘बघ, याला म्हणतात नवरा.’’ मी म्हणायचे, ‘‘बघा आणि शिका.’’

पावसाळा संपता संपता ती गेली. पोटात गाठ झाली होती, आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला.

त्यानंतरही तो निम्मंच खायचा. उरलेला भात ठेवून बाजूला व्हायचा आणि लिफ्टच्या दाराकडे तोंड करून बसायचा. मी भांडं उचलायला गेले की धडपडत उठायचा, माझ्या हाताला नाक लावायचा. म्हणून मी ते तसंच राहू द्यायचे. भात सुकायचा, वर पापुद्रा धरायचा, आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे. खोटं कशाला सांगू, मलाही तो भात बरा वाटायचा. घरात तिच्या वाट्याचं काहीतरी आहे असं वाटायचं.

पण भाताबरोबर तोही वाळायला लागला. अंगावरून हात फिरवला की बरगड्या लागायच्या. सोसायटीतले लोक त्याला ‘अंकल जी’ म्हणतात; वॉचमनसुद्धा म्हणाला, ‘‘अंकल जी बहुत कमजोर हो गए.’’ डॉक्टरांनी रक्त तपासलं, दात बघितले. वयाच्या मानाने सगळं ठीक होतं. म्हणाले, ‘‘अकेले पड़ गए हैं. कोई साथी ले आइए, नहीं तो इनकी सर्दी निकलना मुश्किल है.’’

दिल्लीची थंडी तर दारात उभी होती. मग आम्ही नजफगढच्या पुढे एका बाईंच्या शेल्टरवर गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी बरी साडी नेसले होते, आणि सोबत बेसनाचे लाडू घेतले होते. गाडीत हे म्हणाले, ‘‘अगं, पोहे मिळतील ना तिथे?’’ मी म्हटलं, ‘‘गप्प बसा हो.’’ पण खरं सांगायचं तर आम्ही अगदी तसेच गेलो होतो, मुलगी बघायला जातात तसे.

आणि मला ती लगेच दिसली. तांबूस अंग, छातीवर पांढरा ठिपका, एक कान मोडलेला. हुबेहूब आमची गेलेलीच! माझा जीव असा काही धावला तिच्याकडे की मी खाली बसलेच, साडी मातीत लोळतेय याचंही भान नव्हतं. ‘‘हीच,’’ मी म्हटलं. ‘‘अहो, हीच.’’

शेल्टरवाल्या बाईंना मी फोनवर त्याचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी आमच्या मागे गाडीत डोकावून पाहिलं. ‘‘और अंकल जी कहाँ हैं?’’

सगळी तयारी केली, लाडू घेतले, आणि नवरदेवालाच घरी ठेवून आलो! मोठ्यांनी जाऊन पसंत करायचं, हे आमच्या हाडीमाशी इतकं भिनलेलं. बाई हसल्या, लाडू ठेवून घेतले आणि आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

पुढच्या रविवारी त्याला घेऊन गेलो. तांबूस पोरगी उड्या मारत आली. त्याने तिला हुंगलं, मान फिरवली आणि सरळ गाडीपाशी जाऊन बसला. मला वाटलं होतं, तो तरी फसेल. मी फसायला तयारच होते.

कोपऱ्यात एक काळी, पोक्त कुत्री पडली होती. काळं कुत्रं म्हणून शनिवारी लोक शनीच्या नावाने हिला तेल लावलेली पोळी घालायला येतात, पण घरी कुणी नेत नाही, असं बाईंनी सांगितलं. ती सावकाश उठली, आळस दिला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे न बघता, आडवी झाली. जरा वेळाने त्याने उठून तिच्या पाठीला पाठ लावली. ‘‘झालं,’’ हे म्हणाले, ‘‘पसंत आहे.’’ मला नव्हती. मला तीच हवी होती, जी गेली ती.

दारात मी भाकरतुकडा ओवाळला, पण टाकायच्या आतच काळीने तो गट्ट केला. मग दोघांची भांडी मांडली. काळीने आपलं भराभर संपवलं. त्याने नेहमीसारखं निम्मं खाल्लं आणि बाजूला झाला. काळी त्याच्या भांड्याकडे निघाली. मी दारात उभी राहून बघत होते.

तो गुरगुरला. कधी नाही तो, छातीतून गुरगुरला. काळी जागीच थांबली. तो परत फिरला, भांड्यात तोंड घातलं, आणि शेवटच्या शितापर्यंत सगळं खाल्लं. काळीला एक घास ठेवला नाही.

तेव्हापासून रोज असंच. अंगावर मांस चढलंय. पार्कात काळीच्या मागे मागे जातो, विमान गेलं की दोघं माना वर करतात. हे खूश आहेत, वॉचमन खूश आहे. मीसुद्धा आहे.

पण त्या पहिल्या दिवशी, ज्याच्यासाठी देवाला हात जोडत होते ते रिकामं भांडं मी उचललं, सिंकपाशी नेलं, आणि नळ सोडून मोठ्याने रडले. त्यात धुण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.