तेजोमेघ आणि घोंगडी

माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही, तेच या विश्वाचं खरं रूप. हे वाक्य आमच्या कॉलेजच्या विज्ञान दिनाच्या फलकावर संस्थाध्यक्षांच्या नावाने छापलं होतं. लिहिलं मी होतं, कारण मी मराठी शिकवतो. त्याचा अर्थ मलाही नीट माहीत नव्हता. फलकावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो दाराएवढा होता. त्यांच्या कोपराखाली, पासपोर्टच्या फोटोएवढ्या चौकोनात, मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता. त्यात तारे जन्माला येतात. जागा उरली म्हणून तो बसला, असं छापणारा म्हणाला.

कार्यक्रम फिजिक्सच्या मॅडमचा होता. त्या शिरूरहून, मिशन कंपाउंडातल्या घरून, रोज न्हावरा-चौफुला करत यवतला यायच्या आणि तासिकेवर शिकवायच्या. जूनमध्ये फिजिक्सची एक जागा कायम होणार होती. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा मॅडमना म्हणाले होते, "विज्ञान दिनाला पुण्याचे पाहुणे येत्यात. कार्यक्रम झकास करा, मंग तुमचं बघू." 'बघू' या शब्दावर आमच्या संस्थेत माणसं म्हातारी झाली आहेत.

मॅडमनी खरंच झकास काहीतरी शोधलं. त्यांचा भाऊ रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. पॅनेलमधली कुठली वायर तापतेय ते बघायचा थर्मल कॅमेरा त्याने तिथून दोन दिवसांसाठी मागून आणला. आदल्या दिवशी मॅडमनी माझा हात कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालायला लावला आणि कॅमेरा रोखला. डोळ्यांना नुसती पिशवी दिसत होती. पडद्यावर माझी पाचही बोटं पिवळीधमक चमकत होती.

"पिशवी म्हणजे तेजोमेघातली धूळ," त्या म्हणाल्या. "साधा उजेड तिच्यात अडकतो. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचा उजेड, पार होतो. आतला हात म्हणजे नुकता जन्मलेला तारा, सर. त्याला असंच बघतात."

माझ्या हाताला इतका मान त्याआधी कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा स्टेजवरच्या मोठ्या पडद्याला जोडला, पाहुणे आले, समई तिसऱ्या काडीला पेटली, पुढच्या रांगांत चहा फिरू लागला. मॅडमनी धुळीतल्या नवजात ताऱ्याची गोष्ट सांगून पिशवी काढली, तसे आप्पा खुर्चीतून उठले.

"हे काय हाय?"

"पिशवी, आप्पा. पाहुण्यांनी हिच्यात हात घालायचा."

"पाहुण्याचा हात कचऱ्याच्या पिशवीत? भांडगाव-वरवंडात तोंड दाखवायला जागा राहील का मला?" त्यांनी टेबलावरची सत्काराची घोंगडी उचलली. "ही घ्या. ही बी काळीच हाय."

आप्पांच्या आजोबांनी मेंढरं राखली. आप्पांचा मेंढराशी संबंध ताटापुरता. पण पाहुण्याला घोंगडी देताना त्यांचा आवाज हमखास भरून येतो.

"आप्पा, घोंगडीतून नाही दिसणार. ऊब अडवणं हेच तर तिचं काम."

"प्लॅस्टिकमधनं दिसतं आन् लोकरीतनं न्हाई?" आप्पा माइककडे वळले. "मॅडम, आमच्या बापजाद्यांनी हिच्याखाली रानात रात्री काढल्या. तारे त्यांनी तुमच्या आधी बघितल्यात."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात शिपायाने पिशवी उचलली. चहाचे कप गोळा करायला त्याला ती हवीच होती.

पाहुण्यांनी घोंगडीत हात घातला. पडदा निळा. "बोटं हलवा, साहेब," कुणीतरी सुचवलं. साहेबांनी हलवली. पडदा निळाच.

"तारा झोपलाय!" मागून एक पोरगं ओरडलं.

"पाळणा म्हणा, मॅडम!" दुसरं.

पाहुणे सभ्य गृहस्थ. हात काढावा की ठेवावा, हे ते आप्पांच्या चेहऱ्यावर शोधत होते. आप्पा म्हणाले, "दिवस भरले नसतील." सभागृह खदखदून हसलं.

मॅडम कॅमेरा हातात धरूनच पिशवी शोधायला वळल्या. स्टेजच्या पायाशी शिपाई उभा होता. पिशवी अर्धी भरली होती, आणि बऱ्याच कपांत अजून गरम चहा होता. पडद्यावरच्या जांभळ्या काळोखात एक ठिपका उजळला, मग दुसरा, मग पुंजकाच. काही पिवळे, काही पांढरे, फाटक्या ढगात अडकल्यासारखे. फलकावरचा तो कोपराखालचा फोटो पडदाभर झाला होता.

"हेच!" मॅडम ओरडल्या. "हेच ते! हे असंच दिसतं!"

इतका आनंद मी आमच्या कॉलेजात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता, पगाराच्या दिवशीसुद्धा नाही. पोरं माना उंच करून बघू लागली. आपला काय गुन्हा झाला हे न कळून शिपाई पिशवी उंच धरून ताठ उभा राहिला.

मग आप्पांनी माइक ओढून घेतला.

"म्हंजी साहेबांच्या हातात उजेड न्हाई," ते शांतपणे म्हणाले, "आन् आमच्या उष्ट्या कपात तारे हायत. व्हय ना, मॅडम?"

त्यानंतरचं हसू थांबेना. पाहुणेही हसले, त्यांचा हात अजून घोंगडीतच होता. मॅडम समजावत राहिल्या, प्लॅस्टिक, लोकर, तरंगलांबी, पण आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कार्यक्रमपत्रिकेत पुढे आभार होते, ते मी मानले.

जूनमध्ये जागा कायम झाली. तिच्यावर आप्पांच्या साडूचा मुलगा आला. तो प्रकाशाचा धडा पुस्तकातून वाचून दाखवतो आणि कुणाला हात कुठे घालायला सांगत नाही. मॅडमना तासिकाही उरल्या नाहीत. निरोप समारंभ मात्र झाला, कारण आमच्या संस्थेत सत्कार केल्याशिवाय माणसाला काढत नाहीत. पुण्याचे पाहुणे आपली घोंगडी खुर्चीवरच विसरून गेले होते. तीच आप्पांनी भरल्या आवाजात मॅडमच्या खांद्यांवर घातली.

त्यांना बसवून द्यायला मी चौफुल्यापर्यंत गेलो. शिरूरची गाडी लागली तशी त्यांनी घोंगडी घडी करून माझ्या हातात दिली.

"असू द्या, सर. आमच्याकडे उकडतं."

सध्या ती स्टाफरूममधल्या प्रिंटरवर असते. धूळ आत जात नाही.