स्टोअरमागची हँकी-पँकी

आमच्या मॅनेजरांचा एक लाडका इंग्रजी शब्द होता, हँकी-पँकी. हजेरीत खाडाखोड दिसली की हँकी-पँकी, कँटीनच्या डाळीत पाणी वाढलं तरी हँकी-पँकी. ते पुण्याचे, तेव्हा त्यांचा शब्द चुकणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नाशिकला शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांनीही मला तोच अर्थ शिकवला होता: काहीतरी काळंबेरं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यावर आमचं सगळ्यांचं छान चाललं होतं.

सौदीत धाहरानजवळच्या त्या कंत्राटदार कंपनीत मी खरेदी विभागात होते. स्टोअर सांभाळायचे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ, वयाने मोठे, तरी मला ताई म्हणायचे. बायको-मुलं गावाला, हे कंपनीच्या कामगार कँपात. स्टोअरच्या मागे एसीचं पाणी ठिबकायचं, ते वाया गेलेलं त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी तिथे अळू लावलं होतं. आवारात काही लावायचं नाही असा कंपनीचा नियम, त्यामुळे सगळं गुपचूप. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारी सुटताना तिथेच ते मला काळ्या पिशवीत पानं द्यायचे आणि रविवारी मी त्यांच्यासाठी डबाभर वड्या आणायचे. त्यातल्या मॅनेजरांनीही मागून मागून खाल्ल्या होत्या. इथे असली पानं कुठे मिळतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, जवळच.

एका गुरुवारी मॅनेजरांनी ही पिशवी हातातून हातात जाताना पाहिली. मला विचारलं असतं तर दोन पानं त्यांनाही दिली असती. पण त्यांनी थेट कंपनीच्या वरच्या इंग्रज साहेबांना ईमेल केला की, खरेदीच्या बाई आणि स्टोअरकीपर यांची दर गुरुवारी स्टोअरच्या मागे हँकी-पँकी चालते, मी डोळ्यांनी पाहिली आहे.

साहेबांच्या इंग्रजीत हा शब्द बाई आणि पुरुष आडोशाला जे करतात त्यासाठी होता.

रविवारी आम्हा दोघांना बोलावलं. ईमेलचं मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, अळू सापडलं. मॅनेजर होतेच, आणि एचआरचे सौदी अधिकारी नजर खाली घालून बसले होते. साहेबांनी फार हळू आवाजात विचारलं, हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे का? मी म्हटलं, माहीत म्हणजे काय, तो गुरुवारची वाटच बघत असतो.

साहेबांनी चष्मा काढला आणि ईमेल माझ्यापुढे सरकवला. त्यांना काय वाटत होतं ते हळूहळू डोक्यात शिरलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं एक वेळ निभावलं असतं, नवरा इथेच नोकरीला होता. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात होता. त्याला फायनल एक्झिट देऊन विमानात बसवलं असतं, आणि त्याच्याआधी कारण गावात पोचलं असतं. स्टोअरकीपरांचं इंग्रजी खोक्यांवरच्या लेबलांपुरतं. ते शांतपणे माझ्याकडे बघत होते.

मी सगळ्यांना उठवून स्टोअरच्या मागे नेलं. सौदी अधिकाऱ्यांनी एक पान बोटांनी चाचपलं आणि हे खातात का विचारलं. मी सोबतचा डबा उघडला.

मॅनेजर मला बाजूला घेऊन कळवळून म्हणाले, "अहो, गैरसमज नको. माझ्या मनात तसलं काही आलंच नाही. तुम्ही चोरी करताय, एवढंच मला म्हणायचं होतं."

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की साहेबांनी चहा मागवला. अळूलाही परवानगी मिळाली. परतताना स्टोअरकीपरांनी मला विचारलं, साहेब म्हणत होते तो शब्द काय होता? मी म्हटलं, काही नाही हो, गडबड.

पुढच्या गुरुवारी भर ऑफिसात ते माझ्या टेबलापाशी आले. पानं पारदर्शक पिशवीत होती, आणि पिशवी सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"मॅडम, पानं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मॅडम काय? ताई म्हणता ना तुम्ही मला."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "त्या शब्दाचा अर्थ कँपात विचारला मी, मॅडम."